रॅम्प बांधण्याआधी त्या तीन घरी जाऊन या

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे सचिव कळवतात की त्यांच्याकडील तीन कुटुंबे हळूहळू उपासनेला येईनाशी झाली आहेत. एका घरी माळवदावर वाळवण घालताना पडून कमरेखालची शक्ती गेलेली एक बहीण आहे. पूर्वी ती संडे स्कूल घेत असे. दुसऱ्या घरी जन्मापासून ऐकू न येणारा बावीस वर्षांचा तरुण आहे. विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची जाहीर कबुली, तोंडाने म्हणता येत नाही म्हणून त्याचे दृढीकरण, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी, राहून गेले आहे. तिसऱ्या घरी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, आठ वर्षांचा मुलगा आहे. ढोलकी सुरू झाली की तो कान दाबून ओरडतो, आणि एका रविवारी कोणीतरी काही बोलल्यापासून त्याची आई मंडळीत आलेली नाही. नाताळच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत कमिटीने रॅम्प बांधायचे ठरवले आहे. काही सभासदांचे म्हणणे असे की त्याआधी या तिघांसाठी रोगमुक्तीची विशेष प्रार्थनासभा ठेवावी. रॅम्प बांधला म्हणजे पुरेसे होईल का आणि ही सभा घ्यावी का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चोवीस वर्षे जालना, बीड आणि परभणीच्या खेड्यांतून घरोघर जाऊन पुनर्वसनाचे काम करतो, आणि तुमच्यासारख्याच एका मंडळीचा सभासद आहे. माझे उत्तर असे की रॅम्प जरूर बांधा, पण गवंड्याला बोलावण्याआधी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, आणि कमिटीतील दोघांनी त्या तिन्ही घरी जाऊन यावे. प्रार्थनासभेची घोषणा मात्र त्या तिघांना विचारल्याखेरीज करू नये.

आधी रॅम्पविषयी लिहितो, कारण त्यात चुका फार होतात आणि सिमेंट एकदा ओतले की कोणी ते फोडत नाही. आपल्याकडील मिशनच्या काळातील चर्चची जोती उंच आहेत. तुमच्याकडे तीन पायऱ्या आहेत असे आपण लिहिता. एक पायरी सहा इंचांची धरली तर चढ अठरा इंचांचा झाला. एक इंच चढायला बारा इंच लांबी हा सरकारी मार्गदर्शक सूत्रांतील हिशेब आहे, म्हणजे तुमचा रॅम्प किमान १८ फूट लांब हवा. एवढी जागा समोर नसते, म्हणून गवंडी सहा-सात फुटांत उतार काढून देतो. तो मोटारसायकल चढवायला चांगला असतो. चाकाच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती त्यावरून मागे उलटते. समोर जागा नसेल तर रॅम्प भिंतीच्या कडेने न्या, मध्ये वळण द्या, आणि वळणावर व वर दाराशी पाच फूट चौरस सपाट जागा सोडा, म्हणजे खुर्ची थांबवून दार उघडता येईल. रुंदी चार फूट ठेवा. दोन्ही बाजूंना कठडा आणि खाली चार इंचांची कड घ्या, म्हणजे चाक घसरून बाहेर जाणार नाही. शहाबादी फरशी घासून गुळगुळीत करून लावू नका. पहिल्या पावसात तिच्यावरून कुबडी सटकते. सिमेंटवर झाडूने आडव्या रेषा ओढलेल्या चांगल्या, आणि त्याला खर्चही लागत नाही.

एका मंडळीने असाच रॅम्प मोठ्या हौसेने बांधला होता आणि उद्घाटनाला मला बोलावले होते. ज्या गृहस्थांसाठी तो बांधला ते चाकाच्या खुर्चीवर खाली थांबले होते. फीत कापल्यावर चार तरुणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेले, कारण रॅम्प संपत होता तिथे दाराचा उंबरा चार इंच वर होता. टाळ्या वाजल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. त्यांच्या घरून चर्चपर्यंत अर्ध्या किलोमीटरचे अंतर होते, आणि बांधण्याआधी एकदाही कोणी त्यांना विचारले नव्हते की तुमची खुर्ची किती रुंद आहे, तुम्ही ती स्वतः ढकलता की कोणी ढकलते.

“आम्ही उचलून घेऊ की” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे, आणि म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. त्याला आधार म्हणून मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील, पक्षाघाती मित्राला छप्पर उकरून येशूपुढे खाली सोडणाऱ्या चौघांची गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला इतरांपेक्षा अधिक चांगली कळायला हवी, कारण आपण माळवदाच्या घरांत वाढलो आहोत. मातीचे धाबे उकरणे म्हणजे काय, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती माती पडते आणि पावसाळ्याआधी ते पुन्हा लिंपायला किती कष्ट पडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या चौघांनी पक्षाघाती मित्राला दाराबाहेर थांबायला सांगितले नाही. त्यांनी घर उकरले. बदल घरात झाला, आणि सभा चालू असताना झाला. त्या बहिणीला दर रविवारी चार पुरुषांनी उचलायचे, तिच्या लघवीच्या नळीची पिशवी सगळ्यांसमोर लोंबायची, आणि ज्या रविवारी ते चौघे कापूस वेचायला गेले त्या रविवारी तिने घरीच राहायचे, हा त्या गोष्टीचा अर्थ होत नाही.

तिच्या घरी जाल तेव्हा पाळकांच्या पत्नी किंवा महिला मंडळातील एखादी जाणती बहीण बरोबर असू द्या, कारण तिची खरी अडचण ती पुरुषांसमोर बोलणार नाही. मला माझ्या कामात दिसलेले सांगतो. कण्याला इजा झालेल्या बहुतेक स्त्रिया बाहेर जायचे असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जिथे जायचे तिथे त्यांना वापरता येईल असे शौचालय नसते. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली अडीच तास अशा कोरड्या घशाने बसणे म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण आहे. दुसरे म्हणजे तिला कमरेखाली संवेदना नाही. एकाच जागी दाब पडत राहिला तर तिथली कातडी मरते, जखम होते, आणि ती भरायला महिने लागतात. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी तिला हातांवर भार देऊन अंग उचलावे लागते किंवा बाजू बदलावी लागते. हे करताना ती “चुळबूळ करते” असे कोणाला वाटू नये. तेव्हा रॅम्पइतकेच शौचालय महत्त्वाचे आहे: दार बाहेर उघडणारे, मोकळी जागा किमान तीन फूट मिळेल असे, आत खुर्ची वळेल एवढी जागा, कमोड आणि भिंतीला घट्ट रोवलेली दांडी. निधी दोन्हींना पुरत नसेल तर ती जे आधी मागेल ते आधी करा.

बसण्याच्या जागेचाही विचार करा. खुर्ची मधल्या वाटेत किंवा सगळ्यांच्या मागे दाराशी लावली जाते. मधले एक बाकडे चार फूट कापून घ्या, म्हणजे ती आपल्या घरच्यांच्या शेजारी, ओळीत बसेल. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, वेळी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकणे तिला शक्य नाही, म्हणून पाळक सगळे उठून गेल्यावर शेवटी तिच्याकडे येतात; त्याऐवजी तिच्या ओळीची पाळी येईल तेव्हाच तिला द्यावे. नाताळच्या प्रीतिभोजनात पंगत जमिनीवर बसते आणि खुर्चीवरच्या माणसाला ताट कोपऱ्यात नेऊन दिले जाते. त्या दिवशी एक पंगत बाकांवर आणि टेबलांवर बसवा, आणि तिच्यात म्हातारी माणसे, गुडघे दुखणारे आणि कमिटीचे लोकही बसू द्या. आपल्या मंडळ्यांत गुडघे दुखणाऱ्यांची संख्या काही कमी नाही.

ऐकू न येणाऱ्या तरुणाविषयी आपण एक गोष्ट लिहिली नाही, पण मी ती जवळजवळ प्रत्येक गावात पाहिली आहे, म्हणून विचारतो. गाव त्याला काय म्हणून हाक मारते? मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचे एक नाव आहे, पाळकांनी ते उच्चारून त्याच्या कपाळावर पाणी घातले आहे, आणि त्यानंतर बावीस वर्षे बहुधा सगळ्यांनी त्याला “मुका” म्हटले आहे. अंबड तालुक्यातील एका तरुणाचे मला आठवते. तरुण संघाच्या हजेरीत त्याचे नावच नव्हते, कारण हजेरी तोंडी घेत आणि तो “हजर” म्हणत नसे. त्याच्या बहिणीने ते दाखवून दिल्यावर हजेरीचा कागद हातोहात फिरवायला सुरुवात झाली, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने आपले नाव इतक्या ठसठशीत अक्षरात लिहिले की खालच्या दोन ओळी त्यातच गेल्या.

त्याच्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी तुमच्याकडे आधीच आहेत. गीतांचे क्रमांक लावलेली पाटी पुलपिटाशेजारी असते. तिच्याच खाली शास्त्रपाठाचा अध्याय आणि वचने खडूने लिहा. घोषणा व्हॉट्सॲपच्या गटावर लिहून टाका, आवाजी निरोप पाठवू नका. पाळकांच्या पाठीमागे खिडकी असेल तर त्यांचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसत नाहीत. उजेड चेहऱ्यावर येईल असे उभे राहावे. प्रवचनाचा मजकूर किंवा निदान मुद्दे आदल्या दिवशी त्याला द्यावेत. मात्र ओठ वाचून सगळे कळते असे धरून चालू नका. मराठीतले प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. तो कोणत्या खुणांनी बोलतो ते विचारा. शाळेत गेला असेल तर त्याला भारतीय सांकेतिक भाषा येत असेल. नसेल तर घरच्या खुणा असतील, आणि त्या फक्त त्याच्या आईला ठाऊक असतील. भारतीय सांकेतिक भाषा हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी नव्हे, तिचे व्याकरण वेगळे आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा शब्दकोश काढला आहे आणि त्याचे व्हिडिओ फोनवर पाहता येतात. मंडळीतल्या चार-पाच तरुणांनी आठवड्याला दहा खुणा त्याच्याकडूनच शिकाव्यात. इथे शिकवणारा तो असेल, हे मला त्या खुणांइतकेच महत्त्वाचे वाटते.

दृढीकरणाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. विश्वास ऐकण्याने येतो या बायबलमधील प्रेषित पौलाच्या वाक्यावर बोट ठेवून त्याला बाहेर ठेवणे चूक आहे, कारण पौल तिथे सुवार्ता पोचवण्याविषयी लिहीत आहे, कानांच्या क्षमतेविषयी नाही. विश्वासांगीकार तो लिहून देऊ शकतो, खुणांनी करू शकतो, पाळकांनी लिहून विचारलेल्या प्रश्नांना मान हलवून उत्तर देऊ शकतो. अंतिम निर्णय तुमच्या चर्चच्या नियमांप्रमाणे बिशप आणि पाळक घेतील, पण कमिटीने त्यांच्याकडे लेखी विनंती तरी करावी.

आता त्या आठ वर्षांच्या मुलाविषयी. स्वमग्न मुलाच्या मेंदूत आवाज, उजेड आणि स्पर्श यांची छाननी आपल्यासारखी होत नाही. पत्र्याच्या छताखाली घुमणारा स्पीकर, ढोलकी आणि झांज ही आपल्याला भक्ती वाटते; त्याला ती कानात खिळा ठोकल्यासारखी वाटू शकते. तो ओरडतो तो हट्टाने नव्हे, आणि आईने वळण लावले नाही म्हणूनही नव्हे. स्पीकरचा आवाज कमी करा. त्याचा फायदा कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांनाही होईल, कारण घुमणाऱ्या पत्र्याखाली आवाज जितका वाढवाल तितके शब्द कमी कळतात. गीते सुरू होण्याआधी त्याला बाहेर कडुनिंबाखाली नेणारा एक ठरलेला माणूस असू द्या, आणि तो माणूस आई नसावा. आज उपासनेत काय काय होणार याची चार-पाच चित्रे एका पुठ्ठ्यावर क्रमाने लावून त्याच्या हातात द्या. पुढे काय येणार हे कळले की यातली बरीच मुले शांत होतात. कानांवर लावायचे आवाजरोधक कारखान्यांतील कामगार वापरतात, तेही चालतात. वेगळ्या खोलीत बसवण्याचा विचार मात्र सोडून द्या. गरज पडेल तेव्हा जाता येईल अशी शांत जागा असणे वेगळे, आणि तिथेच बसायला लावणे वेगळे.

त्या घरी पाळकांनी पहिले वाक्य क्षमा मागण्याचे बोलावे. जे कोणी बोलले त्यांना घेऊन जाण्याची गरज नाही. मंडळीत हे घडले, मंडळीच्या वतीने आम्ही आलो आहोत, एवढे पुरे. त्या आईला कदाचित तुमच्या सहानुभूतीपेक्षा महिन्यातून एकदा दोन तास मुलाला कोणीतरी सांभाळावे आणि तिने उपासनेत निवांत बसावे, हेच हवे असेल.

प्रार्थनासभेचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर मला काळजीपूर्वक लिहायचे आहे. मी प्रार्थनेवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नका असे मी कोणत्याही मंडळीला सांगणार नाही. पण ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला विचारावे, आणि त्याला काय हवे ते ऐकावे. येशूनेही बार्तीमयाला, तो आंधळा आहे हे समोर दिसत असताना, मी तुझ्यासाठी काय करावे असे आधी विचारले. ती बहीण कदाचित म्हणेल की माझ्या जखमेसाठी, माझ्या मुलीच्या परीक्षेसाठी प्रार्थना करा. विशेष सभेत तिला पुढे आणून हात ठेवले, आणि ती उठली नाही, तर सगळे घरी जातील आणि “विश्वास कमी पडला” हे ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर राहील. अशा सभांनंतर महिनोन्महिने घराबाहेर न पडलेल्या माणसांना मी भेटलो आहे. पौलाच्या शरीरातला काटा तीनदा प्रार्थना करूनही निघाला नाही; त्याचा विश्वास कमी होता असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, हा एका जन्मांध माणसाविषयीचा शिष्यांचा प्रश्न येशूने योहानाच्या नवव्या अध्यायात फेटाळला आहे. तरी मूल असे जन्मले की सुनेच्या मागच्या चुका शोधणारी माणसे आपल्या बाकांवरही बसलेली असतात.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. प्रार्थना झाली म्हणून औषध थांबवू नये, आणि थांबवायला कोणी सांगूही नये. बीड जिल्ह्यातील एका गावी फिट येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीच्या गोळ्या एका सभेनंतर आईने श्रद्धेने बंद केल्या. फिटची गोळी एकदम सोडली की आधीपेक्षा तीव्र आणि लांब फिट येण्याचा धोका असतो. तिसऱ्या रात्री त्या मुलीची फिट थांबेना, आणि जीप मिळेपर्यंत बराच वेळ गेला. ती वाचली, पण आधी चालत होती ती पुढे चालू शकली नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा अधिक चालली तर लगेच दवाखान्यात न्यावे, हे मंडळीतल्या प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. मानसिक आजाराच्या औषधांनाही हेच लागू आहे.

पाळकांना माझी एक विनंती आहे. प्रवचनात “आपण आंधळे झालो आहोत, बहिरे झालो आहोत, पापाचा कुष्ठरोग झाला आहे” असे शब्द सहज येतात. समोर तीच माणसे बसलेली असतात, ही जाणीव ठेवावी. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, आणि बऱ्या झालेल्यांना २०१६च्या कायद्याने दिव्यांगांच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. त्यांना पापाचे रूपक करण्याची आपल्याला गरज नाही.

याच कायद्याविषयी कमिटीला माहीत असावे असे थोडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कारणासाठी लोक वापरतात अशा खासगी इमारतीही येतात, म्हणून चर्च सुगम करणे हे केवळ दयेचे काम उरत नाही. तिघांकडेही दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र आहे का ते पाहा. नसेल तर ऑनलाइन अर्ज भरणे आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीला सोबत जाणे हे तरुण संघाला सहज जमेल. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर अनेक सवलती मिळतात. एसटीच्या साध्या गाडीचे भाडे ७५ टक्के माफ असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, आणि ती मागायला ग्रामसभेत कोणीतरी उभे राहावे लागते. स्वमग्न मुलाला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळू शकते.

कायदा नसता तरी आपल्या मंडळ्यांना हे करणे भाग आहे, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकात मिशनरी नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेव्हा तिथे आलेल्यांत ज्यांना गावात सामाईक विहीर नव्हती आणि देवळाची पायरी चढता येत नव्हती अशी माणसे होती. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा-पणजी अशाच वाटेने या अंगणात आले. पायरीवर अडवले जाणे काय असते हे आपल्या घरात सांगितले गेलेले आहे. आज आपल्याच चर्चच्या तीन पायऱ्यांपाशी आपलीच बहीण अडते, याकडे त्या आठवणीतून पाहावे.

आणि तिला परत आणाल तेव्हा केवळ बसायला आणू नका. संडे स्कूल ती आजही घेऊ शकते. तिचे पाय गेले आहेत, शिकवणे गेलेले नाही. वर्ग गॅलरीत किंवा माडीवर भरत असेल तर खाली आणा. पुढच्या निवडणुकीत तिचे किंवा त्या तरुणाचे नाव कमिटीसाठी सुचवा. कापणीच्या सणाच्या लिलावात बोली पुकारायला कोणीतरी लागतेच, पण आलेल्या वस्तूंची नोंद ठेवून पाटीवर आकडा लिहायलाही कोणीतरी लागते, आणि तो तरुण ते उत्तम करील.

एक जागा कमिट्यांच्या लक्षात कधी येत नाही, म्हणून लिहितो. तुमच्या दफनभूमीची वाट काळ्या मातीतून जात असेल. दोन वर्षांपूर्वी एका आईला तिच्या मुलाच्या कबरीपर्यंत जाता आले नाही. चाके आसापर्यंत रुतली, आणि तिने फाटकाशी बसूनच लांबून मातीचा आवाज ऐकला. फाटकापासून आतपर्यंत चार फूट रुंदीचा मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवला तरी खुर्ची जाते. हे काम रॅम्पच्या गवंड्याशी बोलण्याआधी उरकून घ्या, कारण रोहिणी लागल्या की ट्रॅक्टर शेतात जातात आणि मुरूम आणायला कोणी मिळत नाही.